रस्ता किती वाजता उघडणार? गोव्यातल्या मिरवणुका, वाहतूक आणि बाजार यांचा मेळ घालताना

शिगमोत्सवाची मिरवणूक आपल्या दारावरून जाऊच नये, असं म्हणणारा दुकानदार गोव्यात शोधूनही सापडायचा नाही. तक्रार असते ती वेळेची. पत्रकात 'चार ते आठ' छापलेलं असतं, दुपारी अडीचलाच अडथळे लागतात आणि रात्री दहा वाजून गेले तरी शेवटचा चित्ररथ पालिकेसमोर अडकलेला असतो. रस्ता पाच तास बंद राहणार हे आधी कळलं, तर दुकानदार माल सकाळी उतरवून घेतो, अर्ध्या कामगारांना लवकर सोडतो, दारात सरबताचं टेबल मांडतो. काहीच ठाऊक नसलं की त्याचा अख्खा दिवस जातो आणि पुढच्या वर्षी तो विरोधात सही करतो.

म्हणून आराखडा उलटा मांडावा. रस्ता किती वाजता उघडायचा हे आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत सुरुवातीपर्यंत या. खालचा हिशेब मुख्यतः शिगमो आणि कार्निव्हलच्या चित्ररथांसाठी आहे. फेरी (सणाच्या दिवसांत रस्त्यावर भरणारा बाजार) आणि फेस्त (चर्चचा उत्सव) यांचं गणित थोडं निराळं, ते शेवटी पाहू.

तारीख

पर्यटन खातं शहरवार तारखा जाहीर करतं, त्यामुळे आयोजक समितीच्या हाती फार काही नसतं. तरी खात्याशी बोलणी चालू असतानाच तीन गोष्टी तपासाव्यात: दहावी-बारावीच्या परीक्षा, आठवड्याचा बाजार आणि त्याच रस्त्यावरच्या चर्चमधली किंवा सभागृहातली लग्नं. म्हापशात शुक्रवारी मिरवणूक ठेवणं म्हणजे बाजाराचा दिवस आणि मिरवणूक दोन्ही बिघडवणं. लग्नाचं हॉल सहा-सहा महिने आधी ठरलेलं असतं, तेव्हा चर्चच्या कार्यालयात आणि हॉलवाल्यांकडे एक फेरी मारून यावी. वऱ्हाडाच्या बसला आयत्या वेळी वाट काढून देण्यापेक्षा ते बरं.

मार्ग चालत बघावा

गाडीतून मार्ग पाहिला की तो सरळ वाटतो. दोघांनी, एकानं टेप आणि एकानं वही घेऊन, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तो चालत जावा, कारण तेव्हाच दुहेरी लावलेल्या गाड्या आणि फुटपाथवरचे गाडे खरे दिसतात. नोंदवायचं ते असं:

सगळ्यांत अरुंद जागेची रुंदी. चित्ररथ अडीच मीटरचा धरला, तरी बाजूला लोंबणारं सजावटीचं साहित्य धरून साडेतीन मीटर जातात. बघ्यांसाठी दोन्हीकडे निदान दोन-दोन मीटर हवेत. साडेसात मीटरपेक्षा कमी जागा असेल तिथे एका बाजूला प्रेक्षक उभे राहू द्यायचे नाहीत, आणि तसा अडथळा आधीच लावायचा.

सगळ्यांत खाली आलेली तार. फांद्यांकडे सगळे बघतात, टीव्ही-इंटरनेटच्या केबलींकडे कुणी बघत नाही. चित्ररथाची कमाल उंची ठरवताना सर्वांत खालच्या तारेपेक्षा किमान अर्धा मीटर कमी धरा आणि तो आकडा पथकांना नोंदणीच्या अर्जावरच द्या, आयत्या वेळी सांगून उपयोग नाही. पाच डोक्यांचा नाग आधीच उभा राहिलेला असतो, मग त्याचं एक डोकं कापायला कोणी तयार होत नाही. विजेच्या तारांची उंची वीज खात्याच्या माणसाकडूनच मोजून घ्यावी. लोखंडी पाइप वर धरून मोजायचा नाही.

आडवे रस्ते. प्रत्येक आडव्या रस्त्याच्या तोंडाशी कोण उभा राहणार, हे नाव नकाशावर लिहा. 'स्वयंसेवक' एवढंच लिहिलं तर तिथे कोणी नसतं.

शेपूट. हा मुद्दा बहुतेक आराखड्यांतून गळतो. चित्ररथ संपायच्या जागी पोचला की त्याला वळायला, सजावट उतरवायला आणि माणसांना टेम्पोत चढायला जागा लागते. १२ मीटरचा चित्ररथ आणि पुढच्याशी १५ मीटरचं अंतर धरलं, तर ३५ चित्ररथांची रांग साधारण ९५० मीटर होते. सुरुवातीला एवढी जागा सगळे राखतात. शेवटाला मात्र एखादं सर्कल असतं, तिथे चौथा चित्ररथ थांबून फोटो काढतो आणि मागची अख्खी मिरवणूक उभी राहते. म्हणून मार्ग संपल्यावर पुढे निदान ४००-५०० मीटर रिकामा रस्ता किंवा मैदान राखायचं, आणि तिथे फोटोला बंदी घालायला एक कडक माणूस ठेवायचा.

पणजीत दयानंद बांदोडकर मार्ग बंद झाला की सगळा भार महात्मा गांधी मार्ग आणि १८ जून मार्गावर येतो, म्हणजे नेमका दुकानांच्या रस्त्यांवर. त्या दिवशी या दोन्ही रस्त्यांवर चारचाकी उभी करायला बंदी नसेल तर बांदोडकर मार्ग बंद करून काही साधत नाही. मिरामार, दोनापावलकडच्या रुग्णवाहिकांनी शहरात शिरायचं कारण नाही. ताळगाव पठारावरून, विद्यापीठाच्या बाजूने बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाता येतं. १०८ रुग्णवाहिका सेवेच्या लोकांना हा मार्ग लेखी कळवा.

वेळेचं गणित

मिरवणूक उशिरा सुटते म्हणून उशिरा संपते, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं. खरा वेळ खातो तो परीक्षकांचा मंच.

हिशेब करा. चित्ररथ ताशी अडीच किलोमीटरने चालला तर दीड किलोमीटरला ३६ मिनिटं. कुणी कुठे थांबलंच नाही, तर ३५ चित्ररथ एका जागेवरून पुढे सरकायला जेमतेम २३-२४ मिनिटं लागतात. म्हणजे सगळं एका तासात आटपतं. आता मंचासमोर प्रत्येकाला तीन मिनिटं द्या. थांबायला, पुन्हा हलायला एक मिनिट धरा. ३५ गुणिले ४ म्हणजे १४० मिनिटं, वर चालायची ३६. तीन तास झाले. त्यात निवेदकाने प्रत्येक प्रायोजकाचे आभार मानले की चौथा.

यावर उपाय तीन. मंचासमोरचा वेळ ७५ सेकंद ठेवा आणि मोठं डिजिटल घड्याळ चित्ररथाच्या चालकाला दिसेल असं लावा. सरकायचा वेळ धरून प्रत्येकी सव्वादोन मिनिटं पडतात आणि सगळं दोन तासांच्या आत येतं. दुसरा उपाय जास्त चांगला: चित्ररथाची कला, रंग, विषय यांचं परीक्षण मिरवणूक सुटायच्या आधी, रांगेत उभे असतानाच करायचं, मंचासमोर फक्त सादरीकरण बघायचं. तिसरा, वेळ ओलांडणाऱ्याचे गुण कापायचे, आणि ही अट नियमावलीत छापायची. नुसत्या सूचनेने काही होत नाही.

रोमटामेळ वेगळा धरावा. ढोल-ताशांच्या तालावर नाचत जाणारं पथक मिनिटाला २० मीटरच्या वर सरकत नाही, आणि तसं सरकावं अशी घाईही करू नये; शिगमो त्यांचाच आहे. ६० मीटर लांबीची दहा पथकं, मध्ये २० मीटर अंतर, म्हणजे एका जागेवरून जायला ४० मिनिटं. त्यांना चित्ररथांच्या मध्ये घुसवलं की दोघांचेही हाल. रोमटामेळ आधी सोडा, आणि शेवटचं पथक अर्ध्या मार्गावर पोचल्याशिवाय पहिला चित्ररथ हलवू नका.

आणखी एक. आपल्याकडे दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद असतात. बाहेरून आलेले कंत्राटदार या सवयीला हसतात, पण अडथळे, मंडप, ध्वनियंत्रणा लावायला याहून चांगली वेळ नाही. सकाळी दहाला खांब उतरवायला सुरुवात केली तर दुकानाची सकाळची विक्री जाते. एक वाजता सुरू करा, साडेतीनपर्यंत हात आवरा आणि सुरुवातीच्या जागेपाशी सोडून बाकी रस्ता साडेचारपर्यंत सुरू ठेवा.

परवानग्या

वाहतूक वळवण्याचा आणि पार्किंगबंदीचा आदेश मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो. एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्र लागत नाही, पण स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते, आणि घोळ इथेच होतो: आदेश दोन दिवस आधी निघतो, वर्तमानपत्रात आतल्या पानावर येतो, दुकानदाराला अडथळा दिसल्यावरच कळतं. वाहतूक पोलिसांची नकाशावर सहमती घेऊन अर्ज निदान एक महिना आधी द्या. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, वीज खात्याची तात्पुरती जोडणी, पालिकेचा परवाना हे समांतर चालू ठेवा, एकामागोमाग एक नको.

ध्वनिक्षेपकांना २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकतं, पण तुमचा दिवस त्या यादीत आहे असं गृहीत धरू नका. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र नकाशावर लाल रंगात दाखवा आणि पथकांना तिथे वाद्यं बंद ठेवायला सांगा. ढोल-ताशेसुद्धा.

माणसं येतात कशी, जातात कशी

खासगी मिनीबस संध्याकाळी साडेसात-आठनंतर विरळ होतात. मिरवणूक नऊला संपणार, घरी जायला बस नाही, म्हणून पेडण्याचा आणि काणकोणचा माणूस स्कूटर घेऊनच येतो. पार्किंगचा प्रश्न इथे जन्मतो. कदंब परिवहन महामंडळाच्या परतीच्या शेवटच्या गाड्या मुख्य मार्गांवर रात्री अकराच्या असतील आणि तसं आठवडाभर आधी छापलेलं असेल, तर गाड्यांची संख्या आपोआप घटते. ही मागणी महामंडळाकडे लेखी, मार्ग आणि वेळेसकट करा.

जवळचं मैदान कुणाला द्यायचं? बहुतेक ठिकाणी ते मोटारींना देतात, विशेषतः पासवाल्या मोटारींना. हे चूक. ४,००० चौरस मीटरच्या मैदानात, ये-जा करायची वाट धरून, एका मोटारीला २३ चौरस मीटर लागतात, म्हणजे जेमतेम १७० मोटारी. त्याच मैदानात तीन चौरस मीटरला एक या हिशेबाने १,३०० दुचाकी राहतात. माणसांत मोजलं तर एका बाजूला सव्वाचारशे, दुसऱ्या बाजूला दोन हजारांच्या वर. जवळचं मैदान दुचाकींना, लांबचं मोटारींना. फक्त दुचाकींच्या मैदानाला बाहेर पडायला दोन फाटकं तरी हवीत. एकाच फाटकातून मिनिटाला २० सुटल्या तरी शेवटचा तासाभराने बाहेर पडतो.

लांबच्या मैदानावरून शटल बस ठेवली तर परतीचा हिशेब आधी करा. १,२०० माणसं दोन तासांत आणायची, बसमध्ये ४५, फेरीला जाऊन-येऊन अर्धा तास: सात गाड्या पुरतात. पण परतताना तीच १,२०० माणसं एका तासात निघतात, तेव्हा चौदा लागतात. सात गाड्यांवर भागवलं की रांगेतली निम्मी माणसं रस्त्यावरून चालत सुटतात आणि बसही अडकते. गाड्या दुप्पट करणं शक्य नसेल तर शेवटच्या चित्ररथानंतर मैदानावर तास-दीड तासाचा कार्यक्रम ठेवा, फुगडी, दिवल्यांचा नाच, काहीही. सगळे एकदम उठणार नाहीत.

पणजीसाठी आणखी दोन गोष्टी. बार्देशातून येणारा सगळा भार मांडवीच्या पुलांवर येतो. दुचाकीवाल्यांना बेतीला थांबवून फेरीबोटीने पायी आणलं तर थोडा भार नक्की हलका होतो, मात्र परतीच्या बोटी किती वाजेपर्यंत आहेत हे धक्क्यावर मोठ्या अक्षरात हवं. आणि पायलटांना विसरू नका. भाडं घेऊन मागे बसवून नेणारा मोटारसायकल पायलट हा गोव्यातला प्रवासाचा तयार शेवटचा टप्पा आहे. प्रत्येक वळवलेल्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांना उभं राहायची जागा आखून द्या, दरफलक लावा. जागा आखली नाही तर ते अडथळ्याच्या तोंडातच थांबतात आणि रुग्णवाहिकेची वाट बुजते.

गर्दी बाहेर पडायचं माप क्रीडामैदानांच्या सुरक्षेसाठी वापरतात ते घ्यावं: सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८२ माणसं. तीन मीटरची एकच गल्ली असेल तर दहा हजार माणसांना चाळीस मिनिटं लागतील. त्या गल्लीत खाज्यांचं एक दुकान बाहेर आलं की रुंदी दोन मीटर आणि वेळ तासाच्या वर. चौरस मीटरला चार माणसांच्या वर दाटी झाली की आत येणारा प्रवाह थांबवायचा, त्यापुढे कुणाच्या हाती काही राहत नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरीत भाविक दगावले. त्यानंतर तरी वाटांची रुंदी मोजल्याशिवाय कुठली परवानगी मागायला जाऊ नये.

दुकानदारांशी काय ठरवायचं

सर्वांची एक जंगी सभा घेऊ नका; तिथे तिघे बोलतात आणि बाकीचे घरी जाऊन रागावतात. मार्गाचे तुकडे पाडा, एका तुकड्यात २५-३० दुकानं, आणि प्रत्येक तुकड्याला समितीचा एक माणूस. त्याने दुकानोदुकानी जाऊन दोन प्रश्न विचारायचे: त्या दिवशी तुमचा माल किती वाजता येतो, आणि कुठलं गिऱ्हाईक गाडीशिवाय येऊच शकत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनपेक्षित असतं. हार्डवेअरवाला निवांत असतो, त्याचा धंदा सकाळचा. अडचण येते दवाखान्याला, क्ष-किरणवाल्याला, केक घेऊन जाणाऱ्या बेकरीला. त्यांच्यासाठी मागच्या रस्त्यावर पंधरा मिनिटं गाडी थांबवायच्या पाच-सहा जागा राखून, फलक लावून ठेवाव्या.

माल उतरवायची वेळ सकाळी अकरापर्यंत. गॅसची गाडी आदल्या दिवशी, कारण गर्दीच्या रस्त्यावर सिलिंडरची गाडी अडकून पडणं धोक्याचं. पोदेर मात्र सायकलवरून संध्याकाळी पाव घेऊन फिरतो तेव्हाच मिरवणूक असते. त्याला, दूधवाल्याला आणि औषधं पोचवणाऱ्याला गळ्यात घालायचा पास द्या. त्यांना अडवणारा पोलीस परगावचा असतो, त्याला तोंड ओळखीचं नसतं. पास दाखवला की वाद संपतो.

तात्पुरते गाडे कुठे लावायचे यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. नियम साधा ठेवा: बंद दुकानासमोर गाडा चालेल, उघड्या दुकानासमोर दुकानदाराच्या लेखी होकाराशिवाय नाही. शीतपेयांच्या दुकानासमोर शीतपेयांचाच गाडा हा तर उघड अन्याय. निम्म्या जागा त्याच प्रभागातल्या विक्रेत्यांना आणि स्वयंसाहाय्य गटांना आधी द्या, उरलेल्यांची सोडत काढा. खाद्यपदार्थांच्या गाड्याकडे अन्नसुरक्षा नोंदणी हवीच, आणि प्रत्येक सलग दहा गाड्यांनंतर दोन मीटरची मोकळी फट. रस्त्याच्या मधोमध साडेचार मीटरची पट्टी अग्निशमन बंबासाठी रिकामी. ती रंगाने आखा, चुन्याची रेघ संध्याकाळपर्यंत पुसली जाते.

प्रसाधनगृहांची सोय नसली की लोक हॉटेलात घुसतात आणि हॉटेलवाला शटर ओढतो. ज्या हॉटेलांनी प्रसाधनगृह उघडं ठेवायची तयारी दाखवली त्यांना पाण्याचा एक टँकर आणि एक सफाई कामगार द्या. हा खर्च फिरत्या शौचालयांच्या भाड्यापेक्षा कमी पडतो आणि हॉटेल चालूही राहतं.

रस्ता उघडताना

शेवटच्या चित्ररथामागे ठरावीक क्रम चालवायचा: आधी पोलिसांची जीप, मग बिघडलेला चित्ररथ ओढायला क्रेन, मग झाडूवाले, मग कचऱ्याचा ट्रक, आणि सर्वांत शेवटी अडथळे उचलणारा टेम्पो. मिरवणूक संपायची वाट बघत सगळा मार्ग बंद ठेवू नका. टेम्पो एका आडव्या रस्त्यापलीकडे गेला की मागचा तुकडा उघडा. दीड किलोमीटरच्या मार्गाचा पहिला तुकडा शेवटच्यापेक्षा निदान अर्धा तास आधी सुरू होतो. उघडला की तुकड्याच्या माणसाने दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक ओळ टाकायची, 'चर्च ते बागेपर्यंत सुरू'. उशीर होणार असेल तर तेही टाकायचं, खरी वेळ घालून.

फेरी आणि फेस्त

पणजीची अष्टमीची फेरी, ८ डिसेंबरच्या फेस्ताची दुकानं, वास्कोच्या सप्ताहाची फेरी, म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा: इथे रस्ता काही तासांसाठी नाही, कित्येक दिवसांसाठी अडतो. त्यामुळे दुकानदाराचा खरा प्रश्न असतो फेरी कधी उठणार. मुदतवाढ देणार नाही असं जाहीर करून शेवटच्या दिवशी द्यायची, हा प्रकार सर्वांत महागात पडतो, कारण फेरीवाला पहिल्या वर्षीच तो शिकतो. प्रत्येक जागेची अनामत रक्कम भाड्याच्या निम्मी तरी घ्या. ठरल्या रात्री बाराच्या आत जागा झाडून रिकामी केली तर ती दुसऱ्या दिवशी परत, नाहीतर दर दिवशी एक चतुर्थांश कापायची. वीजजोडणी त्याच रात्री तोडण्याचा अर्ज वीज खात्याकडे सुरुवातीलाच देऊन ठेवा. दिवे गेले की फेरी उठते.

श्रावणातल्या फेऱ्यांना पावसाचा हिशेब वेगळा. ताडपत्रीचं पाणी दुकानाच्या पायरीवर पडणार नाही अशा उताराने छप्पर बांधायला सांगा, आणि गटाराच्या जाळीवर एकही जागा देऊ नका. एक जाळी बुजली की तासाभराच्या पावसात पलीकडच्या दहा दुकानांत पाणी शिरतं, आणि भरपाई मागायला ती समितीच्या दारात येतात.

फेरी असो की मिरवणूक, दुसऱ्या दिवशी सकाळी एक तक्ता भरून घ्या: कुठला तुकडा किती वाजता बंद झाला, किती वाजता उघडला, कुठला चित्ररथ किती मिनिटं थांबला, कुठे कोण गैरहजर होतं. स्मरणावर नको, व्हॉट्सअ‍ॅप गटावरच्या वेळा बघून. त्याची एक प्रत व्यापारी संघटनेला आणि एक वाहतूक पोलिसांना द्या, त्यात चुकलेल्या वेळा लपवू नका. पुढच्या वर्षीची पहिली बैठक याच तक्त्यावर घ्यायची.